ॲनिमेशनमधील तयार स्क्रिप्ट आणि श्रमाचे अर्थकारण

चित्रपटाच्या पडद्यावर एक सेकंद दिसणाऱ्या हालचालीसाठी २४ चौकटी लागतात. हाताने चित्रे काढण्याच्या पारंपरिक पद्धतीत एकच चित्र सलग दोन चौकटींसाठी वापरण्याचा प्रघात असल्याने एका सेकंदास साधारणतः १२ चित्रे पुरतात. या हिशेबाने दूरचित्रवाणी मालिकेच्या २२ मिनिटांच्या एका भागासाठी १५,८४० चित्रे काढावी लागतील. पडद्यावर दोन-तीन पात्रे एकाच वेळी हलत असतील तर हा आकडा वाढतो. एखादे पात्र नुसतेच उभे राहून बोलत असेल तर घटतो. कलेच्या फारच थोड्या क्षेत्रांत श्रमाची मोजदाद इतक्या काटेकोरपणे करता येते. तंत्रज्ञान आणि रोजगार यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ॲनिमेशन उद्योग हे म्हणूनच एक उत्तम उदाहरण ठरते.

एवढी चित्रे एकट्याने काढणे अशक्य असल्यामुळे या उद्योगात प्रथमपासूनच श्रमविभागणी झाली. मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात, शेवट आणि महत्त्वाच्या अवस्था रेखाटतो. त्यांच्या दरम्यानची चित्रे साहाय्यक काढतात. शाईकाम आणि रंगकाम करणारे आणखी वेगळे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्यातील १८ क्रियांचे जे वर्णन केले, त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. भारतात दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांची हालचाल पडद्यावर दाखवून या कलेचा पाया घातला असला, तरी संघटित स्वरूपाचे काम सुरू झाले ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तेथे प्रशिक्षणासाठी आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ मध्ये ‘द बनियन डियर’ हा लघुपट तयार झाला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागात घडले. तेथील प्रत्येक चित्र हातानेच काढले जाई.

स्क्रिप्ट आणि इफेक्ट म्हणजे नेमके काय?

आजच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी साहाय्यकांकडे असलेले बरेचसे काम तयार आज्ञांच्या रूपाने आधीच भरलेले असते. त्यांतील सर्वांत जुनी आज्ञा म्हणजे मधली चित्रे आपोआप तयार करणे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाईन यांनी यासाठी संगणकीय पद्धत विकसित केली. तिच्या साहाय्याने पीटर फोल्डेस यांनी केलेला ‘हंगर’ हा लघुपट १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. या कामाबद्दल दोघा संशोधकांना १९९७ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. सॉफ्टवेअरमधील ‘ट्वीन’ हा शब्द याच ‘मधल्या’ चित्रांच्या इंग्रजी नावाचा संक्षेप होय.

मात्र संगणकाने काढलेली मधली चित्रे मुळात समान अंतराची असतात. समजा, एक चेंडू २४ चौकटींत वरून जमिनीवर पडतो आहे. केवळ सुरुवात आणि शेवट देऊन मधले काम संगणकावर सोपवले तर बाराव्या चौकटीत चेंडू बरोबर निम्म्या अंतरावर दिसेल. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षणामुळे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे निम्म्या वेळात चेंडूने केवळ एक चतुर्थांश अंतर कापलेले असते. समान अंतराचा चेंडू पडल्यासारखा वाटत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा वाटतो. हा दोष दूर करण्यासाठी गती हळूहळू वाढवणारी किंवा कमी करणारी तयार आज्ञाही सॉफ्टवेअरमध्ये असते. ती केव्हा आणि किती प्रमाणात वापरायची हे मात्र चेंडू पाहिलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

इफेक्ट या दुसऱ्या प्रकारात सावली, धूसरपणा, चकाकी, धूर, पाऊस, ठिणग्या इत्यादींचा समावेश होतो. तिसरा प्रकार म्हणजे स्क्रिप्ट. संगणकाला क्रमाने द्यावयाच्या आज्ञांचा हा लेखी मजकूर असतो. ब्लेंडर आणि माया या सॉफ्टवेअरमध्ये तो पायथन भाषेत, आफ्टर इफेक्ट्समध्ये जावास्क्रिप्टमध्ये, तर मोहोमध्ये लुआ भाषेत लिहिता येतो. मोहोमध्ये तर स्क्रिप्टसाठी स्वतंत्र मेन्यूच आहे. सॉफ्टवेअरबरोबर आलेली अशी स्क्रिप्ट बहुधा साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे ती उघडून वाचता येते, तिची प्रत काढून त्या प्रतीत बदलही करता येतात. अनेक कलावंत प्रोग्रामिंगचा पहिला धडा असाच, दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधील आकडे बदलून पाहत शिकलेले असतात. शिकण्याची ही पद्धत पाठ्यपुस्तकांत नसली तरी परिणामकारक आहे.

आफ्टर इफेक्ट्समधील ‘विगल’ ही एका ओळीची आज्ञा उदाहरणादाखल घेता येईल. एखादी वस्तू अनियमितपणे हलत ठेवण्यासाठी तिचा उपयोग होतो. आज्ञेपुढे कंसात दोन आकडे लिहायचे असतात: पहिला, सेकंदाला साधारण किती वेळा हालचाल व्हावी, दुसरा, ती किती अंतरापर्यंत व्हावी. वाऱ्यावर हलणारा एक आकाशकंदील १० सेकंद दाखवायचा आहे आणि त्याची जागा सेकंदाला दोनदा बदलायची आहे, असे मानू. हाताने हे करायचे तर २० जागा निश्चित कराव्या लागतील; कंदील ५० असतील तर १,०००. तयार आज्ञेत २ आणि ३० हे आकडे लिहिले की सर्व कंदील हलू लागतात, आणि प्रत्येकाची हालचाल थोडी निराळी असते. पहिला आकडा २ ऐवजी १५ केला तर तोच कंदील भूकंपात सापडल्यासारखा थरथरतो. कोणत्या प्रसंगी कोणता आकडा, हे आज्ञा सांगत नाही.

स्क्रिप्ट लिहिणे केव्हा परवडते?

तयार आज्ञा पुरेशी नसेल तेव्हा स्टुडिओ स्वतःची स्क्रिप्ट लिहून घेतो. हा निर्णय मूलतः स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांच्या तुलनेचा असतो. एक काल्पनिक हिशेब पाहू. एक स्क्रिप्ट लिहून तपासण्यास १६ तास लागतात आणि तिच्यामुळे प्रत्येक दृश्यामागे ६ मिनिटे वाचतात. १६ तास म्हणजे ९६० मिनिटे. म्हणून १६० दृश्ये पूर्ण झाल्यावर खर्च भरून निघतो. ३०० दृश्यांची मालिका करणाऱ्या स्टुडिओचे १४ तास निव्वळ वाचतील, तर ४० दृश्यांची जाहिरात करणाऱ्या लहान संस्थेला त्याच कामात १२ तासांचा तोटा होईल. मोठ्या उत्पादनाला मिळणारा हा लाभ विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे: प्रमाणाच्या काटकसरी.

लहान संस्थेला या अडचणीतून वाट आहे, आणि ती स्क्रिप्टच्या स्वरूपातच आहे. एकदा लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याने वापरली म्हणून पहिल्याकडील कमी होत नाही. अर्थशास्त्रात अशा वस्तूला अप्रतिस्पर्धी वस्तू म्हणतात. पॉल रोमर यांनी १९९० च्या आपल्या निबंधात ज्ञानाचा हाच गुण आर्थिक वृद्धीच्या केंद्रस्थानी ठेवला आणि त्याबद्दल २०१८ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. ४० दृश्यांच्या दहा संस्थांनी एकच स्क्रिप्ट वाटून घेतली, तर एकूण दृश्ये ४०० होतात आणि खर्च सहज निघतो.

सॉफ्टवेअरमधील तयार इफेक्ट म्हणजे या ज्ञानाचे घनरूपच होय. धूर आणि ठिणग्यांच्या आज्ञेमागे विल्यम रीव्ह्ज यांची कणसमूह-पद्धत आहे. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील चित्रपटात एका ग्रहावर पसरणारी आग दाखवताना तिचा वापर झाला आणि १९८३ मध्ये त्यांनी तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. ढग, संगमरवर, पाण्याचा पृष्ठभाग अशा अनियमित पोतांसाठी केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये मांडलेले गणित आजही बहुतेक प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आढळते. ज्या कामासाठी त्या काळी संशोधकांचा चमू आणि महागडा संगणक लागे, ते आज नागपूर किंवा कोचीतील विद्यार्थी घरच्या संगणकावर एका क्लिकवर करू शकतो.

सॉफ्टवेअरच्या किमतीचा प्रश्न अर्थातच उरतो. अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअर आता मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की आपलीच जुनी फाईल उघडण्याची पंचाईत होऊ शकते. याला पर्याय म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचे महत्त्व वाढले आहे. ब्लेंडर २००२ मध्ये लोकवर्गणीतून १ लाख युरो उभारून मुक्त करण्यात आले. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेले टून्झ हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ‘ओपनटून्झ’ या नावाने खुले झाले. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोदिस यांचा ‘फ्लो’ (२०२४) हा ब्लेंडरवर तयार झालेला चित्रपट २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळवून गेला. त्याचा खर्च सुमारे ३५ लाख युरो होता. ब्लेंडरच्या परवान्यापोटी त्यातून काहीही द्यावे लागले नाही. पैसा लागला तो काही वर्षे चाललेल्या माणसांच्या कामासाठी, आणि तो लॅटव्हिया, फ्रान्स व बेल्जियम यांच्या सहनिर्मितीतून आणि सार्वजनिक चित्रपट निधीतून उभा राहिला.

भारताच्या वाट्याचे काम

ॲनिमेशनमधील कष्टाचे काम स्वस्त मजुरीच्या देशांकडे पाठवण्याची प्रथा संगणकाहून जुनी आहे. १९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉकी अँड बुलविंकल’ या अमेरिकी मालिकेचे बरेचसे काम मेक्सिकोत होत असे. पुढे जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स आणि १९९० च्या दशकापासून भारत या साखळीत आला. तिरुवनंतपुरमच्या टेक्नोपार्कमधील टून्झ स्टुडिओची स्थापना १९९९ ची. कथा, पात्ररचना आणि वितरणाचे हक्क परदेशी कंपनीकडे. मधली चित्रे, रंगकाम, स्वच्छ रेखाटन भारतीय स्टुडिओकडे, अशी ही सर्वसाधारण वाटणी होती. एसर कंपनीचे स्टॅन शिह यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘स्मितवक्रा’नुसार मूल्यसाखळीच्या दोन्ही टोकांना मूल्यवर्धन अधिक आणि मध्यभागी कमी असते. भारताच्या वाट्याला आलेले काम या वक्राच्या तळाशी होते.

आता याच कामाची तुलना तयार आज्ञांच्या यादीशी करून पाहावी. मधली चित्रे काढणे, बंद आकारांत रंग भरणे, सावली टाकणे, एकच चाल पुन्हा पुन्हा वापरणे ही सारी कामे आज सॉफ्टवेअर करते. डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन यांनी २००३ मध्ये कामांची विभागणी ‘नित्याची’ आणि ‘नित्येतर’ अशी करून असे दाखवले की संगणक पहिल्या प्रकारच्या कामाला पर्याय ठरतो आणि दुसऱ्या प्रकाराला पूरक. भारताकडे आलेले काम प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे होते. म्हणजे स्वस्त श्रमाची जी जमेची बाजू होती तिची स्पर्धा दुसऱ्या एखाद्या देशातील मजुरीशी राहिली नाही. ती जवळजवळ शून्य सीमांत खर्चाच्या आज्ञेशी सुरू झाली. ही स्पर्धा मजुरी कमी करून जिंकता येण्यासारखी नाही.

या प्रक्रियेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मधले काम स्वस्त झाल्यामुळेच देशी निर्मात्याला मोठ्या परदेशी भांडवलाशिवाय स्वतःची मालिका काढणे शक्य झाले. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातील हालचाल हॉलिवूडच्या तुलनेत साधी आहे, अशी टीका होते. परंतु पात्राची मालकी भारतीय कंपनीकडे असल्याने खेळणी, दप्तरे, पुस्तके यांचे उत्पन्न देशात राहते. उत्तम हालचाल असलेल्या, पण परदेशी मालकीच्या शंभर भागांपेक्षा अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने ही साधी मालिका अधिक लाभदायक ठरली, असे म्हणण्यास जागा आहे.

शिवाय सर्वांकडे तोच धूर आणि तीच चकाकी असेल तर त्या धुराचे वेगळे मूल्य उरत नाही. लग्नाच्या चित्रफितींत उडणारी हृदये आणि स्थानिक वाहिन्यांवरील फिरती अक्षरे कोठेही पाहिली तरी सारखीच वाटतात, त्याचे कारण हेच. मुबलक वस्तूला किंमत मिळत नाही, हा नियम इफेक्टलाही लागू पडतो.

प्रशिक्षणातील गुंतवणूक

ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला यात प्रत्यक्ष धोका आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलाची फोड करताना सर्वसाधारण कौशल्य आणि विशिष्ट कौशल्य असा भेद केला. त्यांच्या विवेचनात विशिष्ट कौशल्य एका कंपनीपुरते होते. येथे ते एका सॉफ्टवेअरपुरते असते. फ्लॅशचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरच्या ‘एमएक्स २००४’ आवृत्तीत ‘बिहेव्हियर’ आणि ‘टाइमलाइन इफेक्ट’ या तयार सोयी देण्यात आल्या. भाषा न शिकताही स्क्रिप्ट लिहून मिळे. सावली किंवा स्फोट मेन्यूतून निवडता येई. पुढील काही आवृत्त्यांत टाइमलाइन इफेक्ट काढून टाकण्यात आले, २०१६ मध्ये सॉफ्टवेअरचे नाव ‘ॲनिमेट’ झाले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला. मेन्यूतील जागा पाठ केलेल्यांचे शिक्षण त्यासोबत कालबाह्य झाले. ज्यांनी चेंडूच्या गतीचा हिशेब आणि स्क्रिप्टमागील तर्क शिकून घेतला होता, त्यांना नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो तसाच उपयोगी पडला. म्हणूनच एखाद्या संस्थेच्या माहितीपत्रकात केवळ सॉफ्टवेअरच्या नावांची यादी असेल आणि रेखाटन, गतीचा अभ्यास किंवा प्रोग्रामिंग यांचा उल्लेख नसेल, तर शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी चौकशी केलेली बरी.

भाषेचा अडसर वेगळाच. बहुतेक मार्गदर्शिका इंग्रजीत असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणचा विद्यार्थी आज्ञेचे नाव ओळखतो, पण तिचा खुलासा वाचत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने ब्लेंडर आणि सिनफिग या मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ उपलब्ध केले आहेत; या प्रकल्पाचा भर भारतीय भाषांतून शिकवण्यावर आहे.

धोरणाच्या पातळीवरील टप्पे परीक्षार्थींनी लक्षात ठेवावेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने निश्चित केलेल्या १२ अग्रणी सेवा क्षेत्रांत दृक्‌श्राव्य सेवांचा समावेश होता. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिदल घोषित झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापण्यास मान्यता दिली. भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था या नावाने ते ओळखले जाते. राज्यांपैकी कर्नाटकाने २०१२ मध्येच स्वतंत्र धोरण आणले होते.

स्क्रिप्टची मालकी कोणाची?

कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ समजली जाते. त्यामुळे ॲनिमेटरने लिहिलेल्या स्क्रिप्टलाही कादंबरीप्रमाणेच संरक्षण मिळते. पेटंट अधिनियम, १९७० चे कलम ३(के) मात्र निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारते. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. बाहेरून काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाची स्क्रिप्ट त्याचीच राहते. ती स्टुडिओच्या नावावर करायची तर कलम १९ प्रमाणे लेखी अभिहस्तांतरण लागते. ब्लेंडरच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. त्यावर तयार केलेला चित्रपट सर्वस्वी निर्मात्याचा असतो, त्यावर मुक्त परवान्याचे बंधन येत नाही. परंतु ब्लेंडरच्या अंतर्गत प्रणालीशी जोडलेली स्क्रिप्ट इतरांना वितरित करायची झाल्यास ती मुक्त परवान्याशी सुसंगत अटींवरच द्यावी लागते. स्टुडिओत नोकरी करणाऱ्याने रात्री जागून सहकाऱ्यांचे काम हलके करणारी एखादी स्क्रिप्ट लिहिली आणि ती नोकरीच्या कामाचाच भाग ठरली, तर वेगळा करार नसताना राजीनामा देतेवेळी ती बरोबर नेण्याचा हक्क त्याला उरत नाही.